गुत्तेदाराशी वाद झाला तर आधी मापाडी शोधा



आज पिकाची नोंद नाही. उन्हाळ्यात रान मोकळं असतं, तुरी-हरभऱ्याचे पैसे हातात आलेले असतात, म्हणून आपल्याकडं बांधकामं याच दिवसांत निघतात. कुणी घराचा स्लॅब दुरुस्त करतं, कुणी तालुक्याला घेऊन ठेवलेला गाळा भाड्यानं द्यायच्या आधी नीट करून घेतं. आणि काम निम्म्यावर आलं की गुत्तेदाराशी वाद झाल्याचे फोन सुरू होतात. या पंधरवड्यात मला तिघांनी विचारलं, "तुमच्या गाळ्याचं कसं मिटलं?" तिघांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच आकड्यांसकट लिहून ठेवतो.

आमचे लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या रस्त्याला दोन गाळे आहेत, मागं एक खोली. बांधकाम १९९६ चं. उसाच्या पैशातून २००९ ला घेतले. तेव्हा लोक म्हणले, त्या पैशात दोन एकर रान आलं असतं. पण २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी रानातून काहीच निघालं नाही आणि घर गाळ्याच्या भाड्यावर चाललं. तेव्हापासून ते गाळे म्हणजे आमच्या घराची कोरडवाहूतली विहीर. म्हणून २०२५ ला स्लॅब गळायला लागला, गिलावा पोपडे धरून पडायला लागला, तेव्हा चालढकल केली नाही. एका कृषी सेवा केंद्रवाल्यानं दोन्ही गाळे मागितले होते. अट एकच, १ जूनला चावी. खरिपाचं खत-बियाणं तेव्हाच उतरतं, आणि ओल लागलेली खताची गोणी दगड होते हे आपल्याला सांगायला नको.

काम १४ एप्रिलला सुरू झालं. चिठ्ठी स्टॅम्पवर होती, दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार. दर मटेरियलसह: जुना गिलावा काढून नवा करणे ४० रुपये चौरस फूट, शहाबादी फरशी ९५ रुपये, स्लॅबवर वीटतुकड्यांचा वॉटरप्रूफिंग कोबा ७५ रुपये. कोब्याचे पैसे पाणी साठवून तपासल्यावरच. मधली भिंत पाडायची नाही, हेही लिहिलं होतं. भाडेकरूला दोन्ही गाळे एक करून हवे होते आणि गुत्तेदार "एका दिवसात पाडतो" म्हणत होता. पण १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर आपल्या भागात कुणी स्लॅबखालची भिंत इंजिनिअरला न विचारता पाडत असेल, तर त्याला हात जोडावेत.

१२ मेला काम थांबलं. गिलावा आणि फरशी झालेली, कोबा निम्मा. गुत्तेदारानं गिलाव्याचं माप दिलं ३,११८ चौरस फूट. माझं भरत होतं २,५७२. फरक ५४६ फुटांचा, म्हणजे २१,८४० रुपये. वर राडारोडा वाहून नेल्याचे १४,००० वेगळे मागितले. एकूण वादाचा आकडा ३५,८४०.

तो म्हणला, "काका, तुम्ही माझं साडेपाचशे फूट खायलाव. हिशोब झाल्याशिवाय मी कोब्याला हात लावत नाही." दुसऱ्या दिवशी माणसं आली नाहीत. इकडं वळवाचे ढग रोज दुपारी भरून येत होते. त्या वर्षी मान्सून केरळात २४ मेलाच आला, नेहमीच्या आठ दिवस आधी. स्लॅब निम्मा उघडा आणि वर आभाळ, असा तो प्रसंग.

माझा धाकटा भाऊ तापट. म्हणला, "दादा, त्याच्या प्लेटा अन् मिक्सर आत घालून कुलूप लावू. येतोय बघ पळत." मी नको म्हणलं. आपल्याकडं हा सर्रास चालणारा प्रकार आहे आणि तोच सगळ्यात महाग पडतो. पैशाचा वाद असतो तोवर तो हिशोबाचा असतो. दुसऱ्याचं सामान अडकवलं की तो पोलीस ठाण्याचा होतो, आणि मग आपली बाजू खरी असली तरी उत्तरं आपल्यालाच द्यावी लागतात. प्लेटांचं भाडं त्याला रोज पडतं, ती रक्कमही तो आपल्याच नावावर मांडणार.

मागच्या खोलीत त्याची माणसं राहत होती. दोन मिस्त्री, तीन मजूर, त्यात एक नवरा-बायको आणि त्यांचं लेकरू. संध्याकाळी मी पाणी मारायला गेलो तेव्हा ती बाई म्हणली, "मालक, आमचं भांडण कुणाशीच न्हाई. आमचं नऊ दिवसाचं राहिलंय." गुत्तेदार म्हणत होता, मालकानं पैसे अडवलेत म्हणून मजुरी थांबली. मी म्हणत होतो, त्यानं काम अडवलंय. आणि आमच्या दोघांच्या मधी ती पाच माणसं उपाशी बसलेली. त्या रात्री वहीत हिशोबाची दोन पानं केली. डाव्या पानावर ज्यावर वाद नाही ते, उजव्यावर ज्यावर वाद आहे ते.

डावं पान असं निघालं. गिलावा निदान २,५७२ फूट झालाय हे दोघांना मान्य, त्याचे १,०२,८८०. फरशी ६०० फूट, दोघांचं माप सारखं, त्याचे ५७,०००. एकूण १,५९,८८०. त्यातून दिलेली उचल १,२०,००० वजा केली. राहिले ३९,८८०. हे पैसे मी धरून ठेवायचं कारणच नव्हतं. वाद ३५,८४० चा आहे म्हणून त्याचे नक्की निघणारे ३९,८८० पण अडवले असते, तर माझी बाजू लबाडाची झाली असती.

दुसऱ्या दिवशी त्याला बोलावलं. ३९,८८० त्याच्या खात्यावर टाकले, आणि त्यानं तिथंच बसून पाच जणांचे नऊ दिवसांचे ३१,०५० वाटले. मिस्त्रीला ९०० रोज, मजुराला ५५०. पावतीवर लिहून घेतलं, "वाद नसलेल्या कामाचे पैसे मिळाले, वादातल्या कामाचा हक्क दोघांचाही शाबूत." शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. त्यानं त्याचंही मन शांत झालं आणि माझंही.

आता उजवं पान. इथं मला मोंढा आठवला. आपण सोयाबीन घेऊन जातो तेव्हा वजन आडत्या करत नाही आणि आपणही करत नाही. बाजार समितीचा परवाना असलेला मापाडी करतो. काटा दोघांच्या डोळ्यांसमोर. आडत्या कितीही चांगला असला तरी त्याच्या हातात काटा नसतो, आणि आपण कितीही खरे असलो तरी आपल्या हातातही नसतो. बांधकामात मात्र एका टोकाला गुत्तेदाराचा टेप, दुसऱ्या टोकाला मालकाचा. मापाडी कुठंच नाही. मी त्याला म्हणलं, "तुझं माप नको, माझं पण नको. तिसरा माणूस आणू." तो लगेच तयार झाला, कारण त्यालाही आपलं खरं वाटत होतं.

ओळखीतले एक निवृत्त शाखा अभियंता होते, दोघांनाही चालणारे. त्यांनी पहिली अट घातली, "आधी दोघं लिहून द्या की मी काढीन ते माप मान्य. मग टेप काढतो." माप निघाल्यावर मान्य-अमान्य करायला बसलं तर कुणीच मान्य करत नाही, असं त्यांचं म्हणणं. तसं लिहून दिलं. त्यांची फी २,००० रुपये, दोघांनी निम्मी निम्मी. एकट्यानं फी दिली असती तर दुसऱ्याच्या मनात शंका राहिली असती.

१६ मेला माप झालं. टेपचं एक टोक गुत्तेदाराच्या हातात, दुसरं माझ्या भावाच्या, आकडा साहेब वाचणार, मी लिहिणार. भिंती आणि छताचं आतलं माप २,३२० फूट, बाहेरचं ७००, एकूण ३,०२०. इथपर्यंत कुणाचाच वाद नव्हता! सगळा फरक दारं, खिडक्या आणि शटरचा होता. गुत्तेदारानं उघडी जागा कुठंच वजा केली नव्हती, उलट चौकटींच्या आतल्या कडांचे ९८ फूट वाढवले होते. मी उघडी जागा दोन्ही बाजूंनी वजा केली होती आणि कडा धरल्या नव्हत्या. त्याच्या धंद्यात तशी रीत, माझ्या हिशोबात अशी. आपल्या भागात दर सगळे लिहितात, पण दारं-खिडक्या कशा धरायच्या हे कुणीच लिहीत नाही.

साहेबांनी सांगितलं की याला सरकारी मानक आहे, आयएस १२००, त्याचा भाग १२ गिलाव्याच्या मापाचा. त्याचा सार असा:

१. उघडी जागा अर्ध्या चौरस मीटरपर्यंत, म्हणजे साधारण ५.४ चौरस फुटांपर्यंत असेल, तर वजा करायची नाही. कडाही वेगळ्या मोजायच्या नाहीत.

२. अर्धा ते ३ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३२ चौरस फुटांपर्यंत असेल आणि दोन्ही बाजूंनी सारखाच गिलावा असेल, तर एकाच बाजूनं वजा करायची. दुसरी बाजू कडांच्या मेहनतीपोटी सोडायची.

३. ३ चौरस मीटरच्या वर असेल तर दोन्ही बाजूंनी वजा करायची आणि कडा मोजून मिळवायच्या.

मग आमचा हिशोब असा झाला. झरोके दोन, ३ फुटांचे, वजा काही नाही. दारं दोन, ३ बाय ७, एका बाजूनं २१ प्रमाणे ४२ वजा. खिडक्या दोन, ४ बाय ४, एका बाजूनं ३२ वजा. शटर दोन, ९ बाय ८, दोन्ही बाजूंनी २८८ वजा, आणि त्यांच्या कडांचे साडेसदतीस मिळवले. निघाले २,६९६ फूट. म्हणजे माझ्या मापापेक्षा १२४ फूट जास्त, त्याच्यापेक्षा ४२२ फूट कमी. मी ४,९६० रुपये आणखी द्यायचे, त्यानं १६,८८० सोडायचे. तो पाच मिनिटं गप्प बसला. मग म्हणला, "नियम हाय म्हणल्यावर काय बोलायचं." माझ्या तोंडून हीच गोष्ट आली असती तर त्यानं ऐकली नसती, आणि त्याच्या तोंडून आली असती तर मी ऐकली नसती.

भावाची एक शंका होती की यानं सिमेंट खाल्लंय. तीही साहेबांसमोरच ठेवली, कारण मनात ठेवलेली शंका पुढं दुसऱ्या वादात बाहेर येते. १२ मिलिमीटर जाडीचा १:४ चा गिलावा हजार फुटाला साधारण ८ ते १० गोण्या सिमेंट खातो. २,६९६ फुटाला २२ ते २७ झाल्या. त्याच्या पावत्या २८ गोण्यांच्या निघाल्या. जुनी भिंत खाचखळग्यांची असल्यानं एखादी जास्तच लागते. भाऊ गप्प झाला, आणि गुत्तेदाराच्या तोंडावर पहिल्यांदा हसू दिसलं.

राडारोड्याचं असं झालं. चिठ्ठीत जुना गिलावा काढायचा होता, वाहून न्यायचं कुणी हे नव्हतं. फोटोवरून आणि ट्रॅक्टरवाल्याला विचारून सहा ट्रॉल्या ठरल्या, ७०० प्रमाणे ४,२००. उक्त्या १४,००० च्या जागी मोजून ४,२००. म्हणजे ३५,८४० चा वाद ९,१६० वर मिटला. ते पैसे त्याच दिवशी दिले आणि "गिलावा, फरशी, राडारोडा यांचा हिशोब पूर्ण" असं लिहून सह्या घेतल्या. १७ मेला माणसं पुन्हा स्लॅबवर चढली. मधले चार-पाच दिवस काम बंद होतं, पण नव्या गिलाव्यावर पाणी मारणं आम्ही एक दिवसही थांबवलं नाही. वाद आपला असतो, भिंतीचा नसतो.

कोबा पूर्ण झाला, भिजवला, मग स्लॅबच्या कडेनं वाफ्यासारखी पाळ घालून ४८ तास पाणी साठवलं. दुसऱ्या गाळ्यात पाइपाजवळ ताटलीएवढी ओल आली. तिथं कोबा फोडून पुन्हा केला, पुन्हा पाणी साठवलं, कोरडं राहिलं. यावर वाद होऊच शकला नाही, कारण "चांगलं काम" कशाला म्हणायचं हे पाण्यावर सोपवलं होतं. कोब्याचे १० टक्के, म्हणजे ६,००० रुपये पावसाळा काढून दिवाळीला द्यायचे ठरले. पहिल्या गाळ्याची चावी १ जूनला दिली, दुसऱ्याची ६ जूनला.

पुढं सप्टेंबरात मराठवाड्यात काय पाऊस झाला ते सगळ्यांनी भोगलंय. आमचं सोयाबीन पाण्यात उभं राहिलं, शेंगा झाडावरच कुजल्या. गाळ्यात मात्र थेंब नाही. दिवाळीच्या आधी ६,००० त्याला घरी बोलावून दिले. सोयाबीनचे पैसे आले नव्हते, त्या महिन्याचं भाडं आलं होतं.

आता, तिसऱ्या माणसाचं कुणी ऐकलंच नाही तर काय? तिघांनाही हेच विचारायचं होतं. मी वकील नाही, पण एवढं माहीत करून घ्या.

पहिली पायरी लेखी नोटीस. काय राहिलंय, किती दिवसांत हवंय, नाही झालं तर दुसऱ्याकडून करून घेऊन खर्च वसूल करू, असं स्पीड पोस्टानं पाठवा आणि पोचपावती जपा. दुसऱ्याकडून काम करून घ्यायच्या आधी अर्धवट कामाचे फोटो, माप आणि दोन साक्षीदारांच्या सह्यांचा पंचनामा हवाच. एकदा दुसऱ्याचा हात लागला की पहिल्याचं काम किती होतं हे सिद्ध करता येत नाही.

दुसरी पायरी लोकअदालत. तालुका विधी सेवा समितीकडं दावा दाखल करायच्या आधीही अर्ज देता येतो, आणि लोकअदालतीला फी नाही. तिथं तडजोड झाली तर ती दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखीच असते आणि तिच्यावर अपील नाही. म्हणून सही करताना दहा वेळा वाचा.

ग्राहक आयोगाचाही रस्ता आहे. २०१९ च्या कायद्यात तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. पण राहत्या घराच्या कामाला तो जितका सरळ, तितका भाड्याच्या गाळ्याला नाही. समोरचा "हे व्यापारी काम आहे, हे ग्राहकच नाहीत" अशी हरकत घेऊ शकतो. दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते.

आणखी एक. बरेच जण चिठ्ठीत "उशीर झाल्यास रोज हजार रुपये दंड" असं ठोकून देतात. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ नुसार लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा असते, कोर्ट त्याच्या आत वाजवी तेवढंच देतं. त्यापेक्षा बुडणाऱ्या भाड्याएवढा आकडा लिहा. तो पटतोही आणि टिकतोही.

पण खरं सांगू, ३५,००० च्या वादासाठी कोर्टाची पायरी चढली की पहिला पावसाळा नोटिशीत जातो आणि दुसरा तारखेत. स्लॅब मात्र पहिल्याच पावसात गळतो. गुत्तेदारही आपल्याच तालुक्यातला, त्याचा मुलगा आपल्या पुतण्याच्या वर्गात. म्हणून चिठ्ठी करतानाच तीन ओळी जास्त लिहा: माप आयएस १२०० प्रमाणे, माप पटलं नाही तर अमुक माणसाचं माप दोघांना मान्य आणि त्याची फी निम्मी निम्मी, वाद चालू असताना वाद नसलेले पैसे थांबवायचे नाहीत. मापाडीचं नाव काम सुरू व्हायच्या आधी लिहिलेलं असलं की दोघंही टेप नीट धरतात.

तुमच्या भागात दारं-खिडक्या कशा धरतात, शटरच्या कडा मोजतात का, ते आकड्यासह खाली लिहा. सगळ्यांच्या रीती एकत्र करून ठेवू, पुढच्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी कामाला येतील.

पुढची नोंद बियाण्याच्या उगवण तपासणीची. घरचं सोयाबीन ठेवलेल्यांनी शंभर दाणे मोजून बाजूला काढून ठेवा.